उसना घेतलेल्या एकाचे दहा की बारा?

प्रश्न: नमस्कार सर, मुलीला पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी आहे आणि छेद वेगळे आले की गाडी अडतेच. ५ पूर्णांक १/४ वजा २ पूर्णांक ५/६, हे एकच गणित तिने दोनदा केलं, एकदा आलं ३ पूर्णांक ७/१२ आणि एकदा २ पूर्णांक ३/१२. पुस्तकात मागे उत्तर २ पूर्णांक ५/१२ दिलंय. लसावि १२ तर बरोबर काढलाय, मग चुकतंय कुठे? मलाच सांगता येईना.

उत्तर: ताई, दोन्ही चुकलेली उत्तरं पाठवलीत ते फार बरं केलंत, सगळं त्यातच सापडतंय. छेद सारखे केले की गणित होतं ५ पूर्णांक ३/१२ वजा २ पूर्णांक १०/१२, इथपर्यंत ती बरोबर आहे. आता ३ मधून १० जात नाहीत म्हणून पहिल्यांदा तिने उलटं करून १० मधून ३ वजा करून टाकले, हे साध्या वजाबाकीतही पोरं करतात, सोडून द्या.

दुसरी चूक मात्र मजेशीर आहे. तिने ५ कडून १ उसना घेतला, हे बरोबर, पण सवयीने ३ चे १३ केले! अहो, दशक मोडला तर दहा एकक मिळतात, इथे आपण एक अख्खा मोडतोय आणि छेद १२ आहे म्हणजे तुकडे बारा पडणार. ३ नि १२ पंधरा. मग ४ पूर्णांक १५/१२ वजा २ पूर्णांक १०/१२, उत्तर २ पूर्णांक ५/१२.

पटत नसेल तर तिला ५ तास १५ मिनिटांतून २ तास ५० मिनिटं वजा करायला सांगा. उसन्या तासाची ६० मिनिटं ती न सांगता धरेल, २ तास २५ मिनिटं येतील, आणि हे तेच गणित आहे बरं का, २५/६० म्हणजे ५/१२च.

अंशाधिक करूनही जमतं, ६३/१२ वजा ३४/१२ बरोबर २९/१२, उसन्याची भानगडच नाही, पण पूर्णांक ४७ वगैरे असला की आकडे अंगावर येतात. मला स्वतःला वेगळंच आवडतं: दोन्हींत १/६ मिळवायचा, मग ५ पूर्णांक ५/१२ मधून नुसते ३ वजा करायचे, झालं. हे तिला दाखवा आणि विचारा, १/६च का मिळवला, १/४ का नाही?