मुंग्या, बधिरपणा आणि रोजचा एक मिलिमीटर

या वेळी आलेली बहुतेक पत्रं साठी ओलांडलेल्यांची आहेत आणि जवळपास प्रत्येकात एक शब्द आहे : नस. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. रक्त काढताना सापडत नाही ती नस वेगळी, दबली की मुंग्या येतात ती वेगळी. खालची सगळी चर्चा दुसरीची आहे.

प्रश्न : तिशीनंतर मेंदूतल्या पेशी रोज लाखभर मरतात असं वाचलं. मी ७१ वर्षांचा आहे. मग आता उरलं तरी काय?

बरंच उरलं आहे. मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरात, म्हणजे बाह्यकात, सुमारे २,००० कोटी मज्जापेशी असतात. डेन्मार्कमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत विसाव्या वर्षापासून नव्वदीपर्यंत त्यात सुमारे १० टक्के घट आढळली. आता भागाकार करा. ७० वर्षांचे दिवस साधारण २५,५५०. २०० कोटींना त्यांनी भागलं की रोजच्या ७८,००० पेशी येतात. म्हणजे तुम्ही वाचलेला आकडा अगदीच हवेतला नाही. तो अंश सांगतो आणि छेद लपवतो, एवढंच.

त्याआधीच्या मोजण्यांमध्ये घट याहून कितीतरी मोठी दिसायची. त्याचं एक कारण तांत्रिक होतं : रसायनात ठेवल्यावर तरुण मेंदूचा तुकडा म्हाताऱ्या मेंदूच्या तुकड्यापेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे त्यात पेशी दाट भासतात आणि तुलनेत म्हातारा मेंदू रिकामा वाटतो.

खरी झीज पेशींपेक्षा तारांची होते. पेशीपासून निघणाऱ्या लांब धाग्याला अक्षतंतू म्हणतात आणि त्यावर मायलिनचं चरबीयुक्त वेष्टण असतं. पुरुषाच्या मेंदूत असे वेष्टण असलेले तंतू विसाव्या वर्षी एकापुढे एक जोडले तर अंदाजे १,७६,००० किलोमीटर भरतात, ऐंशीव्या वर्षी साधारण ९७,०००. जातात ते प्रामुख्याने बारीक तंतू. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडतं आणि पाच मिनिटांनी आपोआप आठवतं, त्यामागे माहिती पुसली जाण्यापेक्षा वाट मंदावण्याचा भाग मोठा असतो.

प्रश्न : वय ६६. कोपरापाशी काच लागून करंगळीकडची नस पूर्ण तुटली. त्याच दिवशी टाके घालून जोडली. चार महिने झाले, बोटं अजून पसरता येत नाहीत. शस्त्रक्रिया फसली का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. टाके घातले म्हणून जुनी तार सांधली जात नाही. जखमेच्या पलीकडचा अक्षतंतू मरतोच. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. नवा कोंब जखमेच्या अलीकडून फुटतो आणि जुन्या नळीतून पुढे सरकत जातो. टाक्यांचं काम त्या नळीची दोन तोंडं समोरासमोर धरण्याचं.

नळी तयार करतात श्वान पेशी. (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते नाव.) नस तुटली की या पेशी मायलिन बनवायचं थांबवतात, जुनं मोडकंतोडकं मायलिन गिळतात, सफाईसाठी रक्तातून भक्षक पेशी बोलावतात आणि शेवटी रांगेत उभ्या राहून कोंबाला वाट दाखवतात. ही भूमिका बदलण्यासाठी त्यांच्यात सी-जून नावाचा जनुक जोरात चालू व्हावा लागतो. वय वाढलं की तो अर्धवटच चालू होतो, भक्षक पेशी उशिरा येतात, कचरा वाटेत पडून राहतो. उंदरांमधले अदलाबदलीचे प्रयोग इथे फार बोलके आहेत. म्हाताऱ्या उंदरात तरुण नसेचा तुकडा बसवला तर कोंब वेगाने वाढतो. तरुण उंदरात म्हातारा तुकडा बसवला तर रेंगाळतो. मज्जापेशीचा स्वतःचा जोर वयाने थोडा कमी होतो, अक्षतंतूतून होणारी मालवाहतूकही मंदावते. तरी दुरुस्ती अडते ती मुख्यतः मदतनीसांपाशी.

आता तुमचा हिशोब. कोंबाचा वेग माणसात दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोही तरुणपणी धरून चालायचा. टाक्यांची जागा ओलांडायला सुरुवातीचे दोन ते चार आठवडे जातात. कोपरापासून तळहातातल्या बारीक स्नायूंपर्यंत ३० सेंटिमीटर धरले तर ३०० दिवस, वर हे आठवडे. चार महिन्यांत बोटं पसरणं तरुणालाही जमलं नसतं.

काळजीची गोष्ट दुसरीच आहे. नसेवाचून राहिलेला स्नायू सुकत जातो आणि साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर कोंब पोहोचला तरी त्याला प्रतिसाद देणारं फारसं काही उरत नाही. तुमच्या वयात वेग कमी आणि मुदत तीच, म्हणून गाडी चुकण्याचा धोका खरा आहे. यावर एक उपाय असा की मनगटाजवळची, जिच्यावाचून फारसं अडत नाही अशी एक शाखा या नसेच्या स्नायूंकडे जाणाऱ्या भागाला जोडायची. कोंबाचं अंतर ३० वरून काही सेंटिमीटरवर येतं. मात्र हे जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो सहा महिन्यांच्या आत. हाताच्या किंवा नसांच्या शल्यचिकित्सकाला आताच विचारा. वर्षभर ‘बघू’ म्हणत थांबू नका.

दरम्यान एक तपासणी घरी करता येते. बोटाच्या टोकाने नसेच्या वाटेवर हलके टकटक करा, करंगळीकडून सुरुवात करून कोपराकडे सरकत या. जिथे टकटक केल्यावर करंगळीत झिणझिणी उठते तिथवर कोंब आला आहे. त्या जागेचं कोपराच्या हाडापासूनचं अंतर टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवा. महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटर पुढे सरकत असेल तर उत्तम. तुमच्या वयात दोन सेंटिमीटरही चालेल. लागोपाठ दोन-तीन महिने खूण तिथेच अडली तर टाक्यांपाशी गाठ झाली असण्याची शक्यता आहे, त्वरित दाखवा. ही खूण संवेदनेच्या तंतूंची असते, स्नायूकडच्या तंतूंबद्दल ती हमी देत नाही. सांधे मात्र रोज दुसऱ्या हाताने पूर्ण वाकवून सरळ करा. नस परतली आणि बोटं आखडलेली, असं झालं तर सगळं मुसळ केरात.

प्रश्न : वय ७२. दोन्ही पायांची बोटं बधिर आहेत, चप्पल निसटली तरी कळत नाही. ‘वयाने होतं’ असं सांगून परत पाठवलं.

अर्धंच खरं आहे. पाठीच्या कण्यापाशी असलेल्या पेशीचा तंतू पायाच्या अंगठ्यापर्यंत सुमारे एक मीटर लांब असतो आणि झीज आधी सर्वांत लांब तंतूंना लागते. म्हणून सत्तरीनंतर अंगठ्यावर १२८ हर्ट्‌झच्या नादकाट्याचं कंपन कमी जाणवणं, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया न मिळणं, एवढं वयाच्या खाती टाकता येतं. चप्पल निसटलेली न कळणं, आग होणं, डोळे मिटल्यावर तोल जाणं, पाऊल उचलताना बोटं घासणं, एकाच पायाला त्रास होणं, यातलं काहीही वयाच्या खाती जात नाही.

किमान तपासण्या : उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, ब-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन, आणि रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनं वेगवेगळी करून पाहण्याची चाचणी). शेवटची तपासणी अनेकदा राहून जाते. नसांच्या वेगाची चाचणी केली तर अहवालात वयानुसारची सामान्य मर्यादा लावली आहे ना ते विचारा. साठीनंतर वेग दर दशकाला सेकंदाला एक-दोन मीटरने उतरतो, आणि पंचाहत्तरीपुढे पोटरीतल्या संवेदना-नसेचा संकेत निरोगी माणसातही कधी कधी मिळत नाही. उलट, फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर पायांची आग होत असूनही ही चाचणी निर्दोष येते.

ब-१२ वर थोडं थांबू. वय वाढलं की जठराचं अस्तर झिजतं, आम्ल कमी होतं आणि अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं ब-१२ सुटत नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी घट. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे लक्षणं उशिरा दिसतात. रक्तात मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता. २०० ते ३०० मध्ये शंका असते, तिथे ब-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजून घ्यावं. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून ब-१२ ठीक, असं समजू नका. आणि नुसतं फॉलिक आम्ल घेऊ नका : रक्त सुधारतं, नसांची हानी आत चालूच राहते. बधिरपणा सुरू झाला असेल तर सहसा आधी इंजेक्शनं देतात. पुढे १,००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते, कारण जठराच्या मदतीशिवाय तिचा सुमारे एक टक्का, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, शोषला जातो आणि रोजची गरज २.४ आहे.

प्रश्न : नसांना ताकद देणाऱ्या ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायम घेतल्या तर चालतील ना?

पाकिटावर पायरिडॉक्सिन शोधा, तेच ब-६. पन्नाशीपुढे रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्याही आत आहे. युरोपात २०२३ मध्ये वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली गेली. एका गोळीत ५० किंवा १०० मिलिग्रॅम असेल आणि ती महिनोन्‌महिने घेतली, तर संवेदनेच्या नसा त्यानेच बिघडू शकतात. मग वाढलेल्या मुंग्यांवर आणखी गोळ्या सुरू होतात. कमतरता सिद्ध झाली असेल तर तेवढंच जीवनसत्त्व, तेवढेच दिवस.

प्रश्न : म्हातारपणी नव्या मज्जापेशी जन्मतात का?

नाकातल्या वासाच्या पेशी जन्मभर बदलत राहतात, हे निर्विवाद. मेंदूतल्या स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाबद्दल वाद आहे. २०१३ मध्ये कार्बन-१४ वापरून प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज ७०० नव्या पेशींचा अंदाज आला. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांत एकही सापडली नाही, दुसऱ्याला ऐंशीच्या आसपासच्या माणसांतही सापडल्या. ऊती किती लवकर आणि कशी जतन केली, यावर बरंच अवलंबून असतं. तुटलेल्या नसेची दुरुस्ती नव्या पेशीने होत नाही, जुन्याच पेशीच्या कोंबाने होते. दोन्ही गोष्टी एक समजू नका.

प्रश्न : व्यायामाने नसा परत वाढतात का? की फक्त स्नायू?

साठीनंतर स्नायूंना चालवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी कमी होतात. अनाथ झालेले स्नायूतंतू शेजारची पेशी फांदी फोडून दत्तक घेते. हे जमतं तोवर ताकद टिकते; पण दत्तक घेणाऱ्या पेशीवर तंतू वाढत जातात, आणि बारीक काम, सुईत दोरा ओवण्यासारखं, ओबडधोबड होतं. व्यायामाने मेलेली पेशी परत येत नाही, उरलेल्यांचा वापर मात्र सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद अशा मिश्र हालचाली सुचवल्या. लोक चालतात आणि तोल विसरतात. ओट्याला दोन्ही हात टेकून एका पायावर १० सेकंद उभे राहा, मग एकच हात टेकून, मग फक्त दोन बोटं टेकून. तळवे बधिर असतील तर हे बूट घालून करा, नंतर पाय उलटून आरशात तळवे बघा. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून पाहा.