बियाण्याला चोळलेली बुरशी जिवंत होती का?

प्रश्न : आमच्या तीन एकर हरभऱ्यात मर रोग दरवर्षी वाढत चालला आहे. गेल्या रब्बीत जैविक उपाय करायचे ठरवले, पण रासायनिक औषध सोडण्याचा धीर झाला नाही, म्हणून कार्बेन्डाझिम, ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला देणारे जिवाणू) हे तिन्ही बियाण्याला एकदमच चोळून पेरणी केली. तरीही महिन्याभरात झाडांनी माना टाकल्या आणि नंतर ट्रायकोडर्माची आळवणी करूनही (द्रावण मुळाशी ओतूनही) ती सावरली नाहीत. ही जैविक औषधे खरोखर काम करतात का?
(एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : करतात, मात्र तुम्ही वापरलेल्या पद्धतीत त्यांना काम करण्याची संधीच मिळाली नाही. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तिच्यासाठी अत्यंत घातक ठरते, त्यामुळे दोन्ही एकाच बियाण्यावर चोळल्यास पाकिटातली उपयोगी बुरशी पेरणीआधीच मरते. कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, यात विरजणाचा दोष नसतो. तसेच येथे झाले आहे.

मर रोग फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. ती जमिनीतून मुळात शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. माना टाकलेल्या झाडाचे खोड मुळाजवळ उभे चिरून पाहिल्यास आत काळपट तपकिरी रेघ दिसते. ती रेघ दिसली की त्या झाडापुरता सामना संपलेला असतो, आणि म्हणूनच तुमची आळवणी वाया गेली. ट्रायकोडर्मा हे रोग झाल्यावर द्यायचे औषध नसून आधी बसवायची राखण आहे. ती मुळांभोवतीची जागा व अन्न अगोदर व्यापते, रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते आणि विकरे (एन्झाइम) सोडून त्यांची भित्तिका विरघळवते. यासाठी तिला वेळ, ओलावा आणि सेंद्रिय पदार्थ लागतात. उन्हाने तापलेल्या, शेणखत न पाहिलेल्या रानात ती तग धरत नाही.

यंदा रासायनिक बुरशीनाशक बाजूला ठेवून किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. ते सावलीत सुकल्यावर, पेरणीच्या तास-दोन तास आधी, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम आणि तेवढेच स्फुरद विरघळवणारे जिवाणू गार केलेल्या गुळाच्या पाण्यातून हलक्या हाताने लावा. बियाणे जोरात चोळल्यास साल निघते, आणि मग ते उगवणीतच मार खाते. रायझोबियमचे पाकीट हरभऱ्याचेच असावे, कारण सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याच्या मुळावर गाठी करीत नाहीत. याशिवाय चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून, गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ओलसर ठेवून, पेरणीपूर्वी ते जमिनीत मिसळल्यास मला नुसत्या बीजप्रक्रियेपेक्षा अधिक भरवसा वाटतो.

खरेदी करताना जैविक खताच्या पाकिटावर पिकाचे नाव, जिवाणूंची संख्या आणि अंतिम मुदत पाहावी. २००६ पासून ही खते खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. ट्रायकोडर्मा मात्र कीटकनाशक कायद्याखाली येत असल्याने त्यावर नोंदणी क्रमांक हवा. दुकानात उन्हाच्या तिरिपेत पडलेले पाकीट मुदतीत असले तरी घेऊ नये.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. फ्युजॅरियम हरभरा नसतानाही जमिनीत सुमारे सहा वर्षे जिवंत राहू शकते, त्यामुळे तुमच्या रानातील मर एका हंगामात हटणार नाही. जास्त मर असलेल्या तुकड्यात काही वर्षे ज्वारी किंवा करडई घ्यावी आणि उरलेल्या रानात विजय, दिग्विजय किंवा जाकी-९२१८ यांसारखा मरीस प्रतिकारक्षम वाण निवडावा. जिवाणू आणि बुरशी या उपायांच्या जोडीला उभ्या राहतात. त्यांची जागा घेत नाहीत.

प्रश्न : रायझोबियम लागू पडले की नाही, हे शेतातच कसे ओळखावे? युरिया पूर्ण बंद करता येईल का?
(एक वाचक, अमरावती जिल्हा)

उत्तर : पीक फुलावर येण्याच्या सुमारास, वाफसा (जमिनीत कामाजोगी ओल) असताना, चार-पाच ठिकाणची झाडे कुदळीने मातीच्या ढेकळासह काढावीत. झाड उपटू नये, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात अलगद धुऊन एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-तांबूस असेल तर ती हवेतील नत्र पिकाला देत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर तिचा उपयोग नाही. पेरणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो नत्राची शिफारस आहे, कारण गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला तेवढा आधार लागतो. त्यानंतर युरियाचा वरखताचा हप्ता देऊ नये, कारण आयता नत्र मिळू लागला की झाड गाठी धरण्याचे थांबवते.