एकाच भडिमारातून वाचलेली दोन घरे: उत्तर श्रीलंकेच्या अनुभवावरून

आपण विचारले आहे की, एकाच बॉम्बवर्षावातून वाचलेल्या दोन कुटुंबांपैकी एक काही वर्षांत सावरते आणि दुसऱ्यातील माणसे दहा वर्षांनंतरही रात्री दचकून उठतात, तेव्हा त्याचे कारण मनाच्या कणखरपणात शोधावे का, आणि अशा माणसांना समुपदेशन पुरेसे पडते का. श्रीलंकेच्या उत्तर भागाविषयीचे संशोधन मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, म्हणून तेच उदाहरण घेऊन उत्तर देतो.

'कणखरपणा' हा शब्द मी शक्यतो टाळतो, कारण तो वापरला की सावरलेल्याच्या पाठीवर थाप पडते आणि न सावरलेल्याच्या माथी नकळत दोष येतो. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा आघातोत्तर ताणविकार, हे निदान १९८० साली अमेरिकेच्या अधिकृत वर्गीकरणात आले, ते मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात. सैनिक रणांगण मागे ठेवून घरी येतो; नागरिकाचे मात्र घरच रणांगण झालेले असते, आणि ते सुटले तरी पुढे कोठे जायचे हे त्याच्या हाती नसते.

मे २००९ मध्ये श्रीलंकेचे सरकारी सैन्य आणि एलटीटीई ही सशस्त्र तमिळ संघटना यांच्यातील युद्ध संपले, तेव्हा ईशान्येकडील मुल्लैतिवूच्या किनारपट्टीतून बाहेर पडलेल्या सुमारे तीन लाख तमिळ नागरिकांना वावुनियाजवळच्या मेनिक फार्म आणि इतर छावण्यांत कुंपणाआड ठेवण्यात आले, आणि बहुतेकांना त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत मोकळेपणाने बाहेर जाता येत नव्हते. आपल्यात खबरे आहेत या धास्तीने लोक शेजारच्या तंबूतल्या माणसाशीही जपून बोलत. जाफन्यातील मनोविकारतज्ज्ञ दया सोमसुंदरम यांनी 'सामूहिक आघात' म्हटले आहे ते हेच: केवळ व्यक्तीचे मन नव्हे, तर गावातील परस्परविश्वास, नातेसंबंध आणि दुःख वाटून घेण्याच्या रीती यांचीच मोडतोड होते. (त्यांनी नोंदवलेला 'पेरुमूच्चु' हा तमिळ शब्द मला फार बोलका वाटतो. आपला 'सुस्कारा' त्याच्या जवळ जातो. पण कोणत्याही प्रश्नावलीत त्याच्यासाठी रकाना नसतो.)

आता आकड्यांकडे पाहू. २००९ मध्ये जाफना जिल्ह्यात झालेल्या सर्वेक्षणात पीटीएसडीची लक्षणे ७ टक्के, नैराश्याची सुमारे २२ टक्के आणि चिंतेची जवळजवळ ३३ टक्के लोकांत आढळली. विस्थापितांत हे प्रमाण अधिक होते. परंतु कोणाच्या वाट्याला किती आघात आले हे हिशेबात धरल्यावर विस्थापित आणि मूळ रहिवासी यांच्यातील फरक उरला नाही. 'सारे काही नंतरच्या परिस्थितीमुळे घडते' असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष डोळ्याआड करू नये. माझे वाचन असे की, परिस्थितीचे काम युद्ध संपल्यावर सुरू होत नाही. ज्यांची ऐपत होती किंवा ज्यांचे नातेवाईक कोलंबोत वा परदेशात होते, त्यांना आधीच निघून जाण्याची वाट होती. ज्यांचे पोट नावेवर किंवा दुसऱ्याच्या शेतावर होते, ते वारंवार विस्थापित होत शेवटच्या भडिमारात सापडले. आघातांची संख्याच मुळी सामाजिक पायरीनुसार वाटली गेली.

पश्चिम किनाऱ्यावरील पुत्तलमचे चित्र वेगळे आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तर प्रांतातील सत्तर हजारांहून अधिक मुस्लिमांना अतिशय अल्प मुदतीत हाकलून दिले आणि त्यांतील बरेचसे पुत्तलमच्या वस्त्यांत राहिले. सुमारे वीस वर्षांनंतर झालेल्या अभ्यासात त्यांच्यात पीटीएसडी केवळ २.४ टक्के आढळला, तर नैराश्य, चिंता यांसारखे सर्रास आढळणारे मनोविकार जवळजवळ १९ टक्के. आणि या मनोविकारांचे नाते बेरोजगारी, वैधव्य किंवा विभक्तपणा आणि पुरेशा अन्नाचा अभाव यांच्याशी दिसले. दोन्ही सर्वेक्षणांच्या पद्धती भिन्न असल्यामुळे आकडे एकापुढे एक ठेवून तुलना करू नये. तरीही, इतक्या वर्षांनंतर मनावरचे ओझे रोजच्या जगण्याशी किती घट्ट बांधलेले असते, एवढे त्यातून निश्चित कळते.

सर्वांत अवघड प्रश्न बेपत्ता माणसांच्या घरांचा आहे. प्रेत नाही, म्हणून अंत्यसंस्कार नाहीत. अंत्यसंस्कार नाहीत, म्हणून सांत्वनाला येणाऱ्यांनी काय बोलावे हेही ठरत नाही. नवरा बेपत्ता असलेल्या तमिळ स्त्रीने ताली, म्हणजे आपले मंगळसूत्र, गळ्यात ठेवावी की उतरवावी, कपाळी कुंकू लावावे की नाही, याचे उत्तर तिच्या एकटीच्या मनात नसते. ते सासर, गाव आणि कायदा मिळून ठरवतात. मृत्यूचा दाखला घेतला तर मदत आणि मालमत्तेचे व्यवहार सुटतात, पण आपणच त्याला मारले ही बोच उरते. २०१६ च्या कायद्याने 'अनुपस्थितीचा दाखला' देण्याची सोय झाली. वरवर ती कार्यालयीन दुरुस्ती वाटते. परंतु मरण कबूल न करताही कागदपत्रांचे काम करता येणे हा या स्त्रियांसाठी मनावरचा भार उतरवणाराच उपाय आहे, असे मी मानतो. आपली बेपत्ता माणसे कोठे आहेत हे विचारत फेब्रुवारी २०१७ पासून उत्तरेतील किलिनोच्चीत आणि नंतर इतरत्र रस्त्याकडेला मंडप घालून बसलेल्या आयांपैकी अनेकींचा उत्तर न मिळताच मृत्यू झाला आहे.

समुपदेशनाविषयी थोडक्यात सांगायचे तर, दुःस्वप्ने आणि पुनःपुन्हा उसळणाऱ्या आठवणी यांवर नेमके उपचार आहेत आणि ते मिळायलाच हवेत. मात्र लक्षणांच्या यादीतील 'अतिसावधता' सैन्याच्या तळाशेजारी राहणाऱ्या माणसात दिसली, तर तो विकार की शहाणपण हे त्याच्या घरी गेल्याशिवाय ठरवता येत नाही. युद्धानंतर उत्तरेत अनेक घरे एकट्या स्त्रियांवर आली आणि सूक्ष्मकर्जाच्या हप्त्यांनी त्यांना इतके पिळले की, २०१८ मध्ये सरकारला दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतील स्त्रियांची एक लाख रुपयांपर्यंतची कर्जे माफ करावी लागली. अशी स्त्री झोप लागत नाही म्हणून समोर येऊन बसली, तर मी समुपदेशकाला एवढेच सुचवीन की, 'त्या दिवशी काय पाहिले' हे विचारण्याआधी 'या आठवड्याचा हप्ता कधी आहे' हे विचारावे.