वाचकांचे प्रश्न : हसवणाऱ्या गायकाला भेटताना

प्रश्न : मी विनोदी गाण्यांचा आणि विडंबनगीतांचा जुना चाहता आहे. नुकताच दादरच्या शिवाजी मंदिरात असा एक कार्यक्रम झाल्यावर मी त्यातील गायकांना भेटायला रंगपटात गेलो. दोन तास प्रेक्षकांना लोळवणारा हा माणूस माझ्याशी जेमतेम चार शब्द बोलला. ‘पत्नीसाठी त्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवा’ ही माझी विनंतीही त्यांनी हात जोडून नाकारली. घरचे म्हणतात, असल्या थिल्लर गाण्यांच्या मागे लागल्यावर दुसरे काय होणार? माझे काय चुकले?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमच्या हेतूत खोट नव्हती, पण तुम्ही जे मागितले ते त्या क्षणी त्यांच्यापाशी नव्हतेच. ज्या दोन ओळींना सभागृह डोक्यावर घेते, त्या सुट्या काढून रंगपटात म्हटल्या तर कोणालाही हसू येणार नाही, आणि हे त्या कलाकाराइतके कोणाला ठाऊक असणार! त्या ओळींच्या आधी गंभीरपणे गायलेला मुखडा असतो, पेटीवाल्याने धरून ठेवलेला सूर असतो आणि ढोलकीची राखून ठेवलेली थाप असते. परळच्या एका कार्यक्रमात मी विंगेत उभा राहून हे पाहिले आहे. ढोलकीवाल्याचे लक्ष गायकाकडे नव्हते, प्रेक्षकांच्या पहिल्या दोन रांगांकडे होते. त्याचा हात पुडीवर अधांतरी थांबलेला, आणि हशा ओसरू लागला की मगच थाप पडायची, कारण ऐन हशात ती पडली असती तर पुढची ओळ कोणाच्या कानापर्यंत पोहोचलीच नसती. बेसूर गाण्याचे सोंग तर याहून अवघड असते, कारण सूर नेमका कोठे सोडायचा हे पक्का सुरेल गायकच ठरवू शकतो.

घरच्यांच्या ‘थिल्लर’ या शेऱ्याला मात्र माझा साफ विरोध आहे. ‘शहनाई’ (1947) आणि ‘अलबेला’ (1951) या चित्रपटांतील खट्याळ गाणी संगीतकार सी. रामचंद्र यांनीच संगीतबद्ध केली, त्यांतील काही ‘चितळकर’ या नावाने स्वतः गायलीही. आणि 1963 मध्ये लता मंगेशकरांनी दिल्लीत गायलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चालही त्यांचीच. पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण तर घरचेच आहे. ‘गुळाचा गणपती’ (1953) या विनोदी चित्रपटाचे संगीत त्यांचे, आणि भीमसेन जोशी यांच्या आवाजातले ‘इंद्रायणी काठी’ हे गाणे त्याच चित्रपटातले. तरीही आपल्याकडे हसवणाऱ्याला ‘विनोदवीर’ म्हणून मोकळे होण्याची घाई फार. त्याच्या गाण्याबद्दल चकार शब्द कोणी काढत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘पोट धरधरून हसलो’ एवढ्यावर थांबू नका, कारण ते तर त्यांनी रंगमंचावरून ऐकलेलेच असते. दुसऱ्या कडव्यात तुम्ही चाल जराही न मोडता नुसते शब्द फिरवलेत, ते बसवायला किती वेळ लागला, असे काहीतरी नेमके विचारा. एका वयस्क शाहिरांना मी बतावणीतल्या, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांतल्या, एका थांब्याविषयी विचारले होते. तोवर हां-हूं करणारे ते गृहस्थ खुर्ची ओढून बसले आणि नाट्यगृहाचा रखवालदार दिवे मालवायला येईपर्यंत बोलत राहिले. हा तोडगा दर वेळी लागू पडेलच असे नाही. काही माणसे मुळातच अबोल असतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : अशा कलाकारांसोबत छायाचित्र काढायचे असेल, तर कोणाला आणि केव्हा विचारावे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मध्यंतरात मुळीच नको, कारण तेव्हा वेशभूषा बदलायची आणि वाद्ये पुन्हा सुरात लावायची घाई असते. प्रयोग संपल्यावर आधी व्यवस्थापकांना विचारावे. रविवारी लागोपाठ दोन प्रयोग असतील तर दुसऱ्या प्रयोगानंतरच जावे. पेटीवाले आणि ढोलकीवाले यांनाही छायाचित्रात आवर्जून बोलवावे.