पुरण वाटता वाटता

प्रिय मावशी,

माझं वय २६. गाव दारव्हा तालुक्यात. वैशाखात माझं पहिलं बाळंतपण झालं. ग्रामीण रुग्णालयात चौदा तास कळा काढल्या, मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून रात्री गाडीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं पहाटे सिझर होऊन मुलगी झाली. खरं सांगू का, मला ती रात्र फार आवडली. बाहेर एवढा उकाडा अन् आत मला चक्क थंडी वाजत होती. भूल देणाऱ्या मॅडम डोक्याशी उभ्या राहून माझ्याशी बोलत होत्या. दुखलं काहीच नाही, दाबून भरलेल्या पोत्यातून कापूस उपसावा तसं ओढल्यासारखं तेवढं वाटलं. मग सिस्टरनं तिला माझ्या गालाला लावलं. ओली होती, गरम होती. मला हसूच आलं. दुसऱ्या दिवशी मी चाललेसुद्धा.

पण घरी आल्यापासून सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या सुनेनं कळा सोसल्या नाहीत, पोट फाडून घेतलं." बाया बाळ पाहायला येतात तेव्हा मीही मान खाली घालून "लई त्रास झाला बाप्पा" म्हणते. आता तेच तोंडात बसलंय. धाकटी जाऊ आठव्या महिन्यात आहे, तिचं बाळ पायाळू सांगितलंय, पोळ्याला पुरण वाटताना तिनं विचारलं तर तिलाही मी तेच सांगितलं. ऑपरेशन होऊन आनंद वाटणं चुकीचं आहे का? माझ्यात काही कमी आहे का? अन् सासूबाईंना कसं समजावू?

— एक वाचक

बाई,

तुझे तिन्ही प्रश्न मी बाजूला ठेवलेत. माझं बोट तुझ्या पत्रातल्या एकाच ओळीवर अडकलंय. ती तू कांदे निवडता निवडता लिहावी तशी लिहिलीस आणि पुढे निघून गेलीस. पोळ्याच्या दिवशी पुरण वाटताना जावेनं विचारलं, आणि "तिलाही मी तेच सांगितलं".

तिलाही?

गल्लीतल्या बाया बाळ पाहायला येतात, पन्नासाची नोट बाळाच्या मुठीत कोंबतात, चहा पितात आणि जातात. त्यांना तू काय सांगतेस याच्याशी मला देणंघेणं नाही. त्यांना रडगाणंच ऐकायचं असतं, ते मिळालं की त्यांचं पोट भरतं. पण ती पोरगी गंमत म्हणून विचारत नव्हती. तिच्या पोटात बाळ उलटं बसलंय. डॉक्टरनं तिला सिझरची शक्यता सांगितली असणारच. रात्री कुशीवर वळताना ती याचाच विचार करत असणार. अख्ख्या घरात त्या टेबलावर झोपून आलेली बाई एकच, तू. घरात पाहुणे, सणाची गडबड, तरी पुरण वाटण्याच्या निमित्तानं दोघीच असल्याचा मोका साधून तिनं तोंड उघडलं. आणि तू तिला काय दिलंस? सासूचं वाक्य.

मला राग आलाय, आणि तो सासूबाईंचा नाही. त्यांच्याबद्दल एका ओळीत सांगते आणि विषय संपवते: चौदा तास कळा काढलेल्या बाईला "कळा सोसल्या नाहीत" म्हणणाऱ्या माणसाला समजावायला जाऊ नये, वेळ फुकट जातो. आनंद वाटणं चूक आहे का, या प्रश्नाला तर मी उत्तरच देणार नाही. तू हसलीस, पोरगी गालाला लागली, झालं. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

आता मी का एवढी उखडले ते ऐक. माझी थोरली १९८६ची. तिच्या वेळी माझंही पोट कापलं, पण मला पूर्ण झोपवून. शुद्धीवर आले तेव्हा ओठ पापडासारखे सुकलेले, पाण्याचा घोट द्यायची परवानगी नाही, सिस्टर ओल्या कापसानं ओठ पुसत होती. माझी मुलगी तोवर माझ्या आधी अकरा जणांच्या हातांतून फिरून आली होती. गालाला लावणं वगैरे दूरच. आत जायच्या आधी काय होणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स्ट्रेचरवर मी एवढी थरथरत होते की वॉर्डबॉय म्हणाला, "ताई, हात आत घ्या, दाराला लागतील." आणि सहा वर्षांनी, एका लग्नात वांग्याचे देठ काढताना, मला कळलं की माझ्या थोरल्या जावेचंही ऑपरेशनच झालेलं होतं. माहेरी झालेलं, म्हणून सासरी लपवलेलं. एका चुलीवर आम्ही दोघींनी स्वयंपाक केला, माझे नऊ महिने तिच्या डोळ्यांसमोर भरले, आणि तिनं एक शब्द काढला नाही. ती वाईट नव्हती. तुझ्यासारखीच होती, मान खाली घालणारी. मी तिला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

म्हणून तुला एकच काम सांगते. जावेला गाठ आणि ती रात्र तिला पहिल्यापासून सांग. "काही घाबरू नको गं, सगळं होतं नीट" असलं गुळगुळीत नको, ते तिला सगळेच म्हणतात. तू मला जे पोत्यातल्या कापसाचं लिहिलंस ना, तसलं सांग. सिझरवर आजवर खूप वाचलं मी, पण हे कुठे सापडलं नाही. हातानं कापूस वेचलेल्या, पोत्यात पाय देऊन तो दाबलेल्या बाईलाच हे सुचतं, आणि तसल्याच दुसऱ्या बाईला ते एका क्षणात कळतं. ओढ लागते, दुखत नाही. एवढ्या एका वाक्यानं तिची निम्मी रात्र सुटेल.

तिला सांग की आधी पाठ वाकवून बसवतात, हनुवटी छातीला लावायला सांगतात, पाठीवर गार औषध फिरवतात आणि मग कमरेत सुई. सुई टोचते, पण क्षणभर. मग पाय गरम होतात आणि पऱ्हाटीच्या ओल्या भाऱ्यासारखे जड. लघवीची नळी घालतात, त्याची लाज वाटायचं कारण नाही, नाहीतरी तोवर पाय आपले राहिलेले नसतात. छातीसमोर पडदा धरतात. कधी कधी रक्तदाब थोडा उतरतो आणि मळमळतं; डोक्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरला सांगायचं, त्या लगेच औषध देतात. तुला वैशाखात थंडी वाजली ती नुसत्या एसीची नव्हे. कमरेतल्या भुलीनं अंगाला कंप सुटतो, दात वाजतात. हे आधी माहीत नसलं की बाई समजते आपलं काहीतरी बिघडलं. बाळ बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आतबाहेर बाहेर येतं. उरलेला अर्धा-पाऊण तास नुसता शिवण्यात जातो, आणि तेवढ्यात तू आपली लेक बघत पडलेली असतेस. हेही सांग.

आणि जे दुखलं तेही सांग, लपवू नकोस. एका टोकाचं खोटं सोडून दुसऱ्या टोकाचं नको बोलूस. भूल उतरल्यावर काय झालं? पहिल्यांदा उठून बसताना डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. खोकताना उशी पोटाशी दाबून धरावी लागते, आणि हसणं तर शत्रूवर येऊ नये. वारा सरेपर्यंत पोट फुगतं. दूध पाजताना मांडीवर घेतलं तर बाळ टाक्यांवर येतं, म्हणून कुशीवर झोपून पाजायचं, नाहीतर बगलेत धरून. सिझरवाल्या बाईला दूध येत नाही असं कोणी म्हणेल, तेव्हा तुझी पोरगी दाखव. कमरेतल्या सुईनं जन्मभर कंबर दुखते असंही म्हणतात. कंबर तर नॉर्मलवाल्यांचीही दुखते, बाळ काखेला मारून विहिरीचं पाणी ओढणाऱ्या प्रत्येकीची दुखते. दीड महिना बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, हा नियम मात्र तिच्या वतीनं तूच घरात सांगायचास, कारण तिला स्वतःला ते तोंडातून काढायला जमणार नाही.

पायाळूचं मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे पायाळू माणसाला केवढा मान! त्याच्यावर वीज पडते म्हणून पावसात त्याला झाडाखाली उभं करत नाहीत, आणि लचक भरली की अख्खं गाव त्याच्या दारात, "दोन लाथा मार रे कमरेत". गावाला पायाळू पोरगं हवं असतं, ते पोरगं धड जगात यायला लागणारं ऑपरेशन तेवढं नको असतं.

तुझ्या जावेला हे सांग की आठव्या महिन्यात उलटं असलेलं बाळ पुष्कळदा आपणहून फिरतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच बाळं पायाळू राहतात. म्हणून नववा लागल्यावर पुन्हा तपासायला जायचं, आणि तरीही डोकं वरच असलं तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवण्याची एक रीत डॉक्टरांकडेही आहे. पण ती दवाखान्यात, सोनोग्राफीवर बघत, ठोके ऐकत करतात, आणि गरज पडली तर ऑपरेशनची खोली शेजारी असते. गावातली कोणी म्हातारी तेल घेऊन "मी फिरवून देते" म्हणत आली तर तिला चहा पाज आणि दारातूनच वाटेला लाव. पोटाला हात लावू देऊ नकोस. हे काम थोरल्या जावेचं, तुझं.

एक शंका अशी येते की त्या पोरीला चाकूची नाही, पैशाची भीती आहे. सोयाबीन अजून वावरात उभं, हातात दमडी नाही, आणि सिझर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे खासगी दवाखान्याचं बिल येतं. तुझं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, तुला किती पैसे लागले ते तिला सांग. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट आहे, सिझरसुद्धा. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवण, न्यायला-आणायला गाडी. १०२ नंबर तिच्या फोनमध्ये तू स्वतः टाकून दे. आशाताईला तारीख आणि "पायाळू" हा शब्द दोन्ही माहीत आहेत ना, तेही विचार, म्हणजे ऐन वेळी ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवण्यात तुझ्यासारखी रात्र जाणार नाही. जिथे ऑपरेशन होतं त्याच दवाखान्यात तिनं आधीपासून नाव घातलेलं बरं.

आता कोणीतरी मला लिहील की मावशी सिझरची जाहिरात करते. करत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरची निघाली, सरकारीत १४. एवढी तफावत बायकांच्या हाडांत नसते, ती बिलात असते. तेव्हा लोक संशय घेतात त्यात तथ्य आहे. पण तो संशय खासगी दवाखान्याच्या काउंटरवर जाऊन घ्यावा. ठोके पडत चाललेल्या लेकराला पहाटे बाहेर काढलेल्या आईवर घेऊ नये.

तुझं स्वतःचं एक राहिलं. दवाखान्यातून मिळालेलं डिस्चार्ज कार्ड कुठे आहे? बहुतेक बाळाच्या कपड्यांखाली, किंवा सासूबाईंच्या ट्रंकेत. ते काढ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. ऑपरेशन का झालं आणि गर्भाशयावरचा छेद कसा आहे, हे त्यावर असतं. दुसऱ्या खेपेला नॉर्मल होऊ शकतं की नाही हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात, आणि पुष्कळ जणींचं होतं, फक्त ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात. दुसऱ्याची घाई मात्र दीड-दोन वर्षं करू नकोस. घरात "आता पोरगा" सुरू झालं असेल, मला पत्र न वाचताही कळतं.

बरं. केव्हा बोलणार आहेस? महालक्ष्म्या झाल्यावर, सासूबाई गावाला गेल्यावर, असं काही मनात असेल तर ते खोडून टाक. तुझं पत्र माझ्याकडे आलं, मी लिहिलं, ते तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर तिला नववा लागलेला असेल. आज संध्याकाळी तुम्ही दोघी तूर निवडायला बसाल, नाहीतर भाकरी थापायला. तिला सरळ म्हण, "त्या दिवशी मी खोटं बोलले." नुसतं एवढं म्हण, पुढचं तीच विचारेल. पहिला प्रश्न बहुधा टाक्यांचा असेल, केवढे आहेत, दिसतात का. तेव्हा तोंडानं सांगत बसू नकोस. न्हाणीत ने, दार लाव आणि दाखव. ओटीपोटाच्या खाली, आडवी, बोटभर रुंदसुद्धा नाही.

— मावशी