घरखर्चासाठी ऑनलाइन बजेट ॲप वापरावं का? कोणतं?

तुम्ही विचारलंय की दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७८ हजार, त्यातले २४ हजार घराच्या हप्त्याला जातात, तरी २० तारखेनंतर खात्यात काही राहत नाही, तर खर्चावर लक्ष ठेवायला कोणतं ॲप चांगलं आणि त्याला एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का. दोन्हीचं उत्तर देते, पण आधी एक काम करा, ॲप डाउनलोड करायच्या आधी.

वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे सगळे खर्च एका जागी लिहून काढा. आमच्या घरची यादी देते म्हणजे अंदाज येईल: मुलाच्या शाळेची फी ४८ हजार, दोघांचा टर्म आणि हेल्थ इन्शुरन्स २७ हजार, गाडीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग १५ हजार, घरपट्टी ८ हजार, दिवाळी २० हजार, गणपतीला गावी जाणं-येणं आणि तिथला वाटा १२ हजार, आणि एप्रिल-मेमधे गहू, तांदूळ, डाळी, तिखट-मसाला असं वर्षाचं भरायचं त्याचे १४ हजार. बेरीज होते १ लाख ४४ हजार, म्हणजे महिन्याला बरोबर १२ हजार. तुमची यादी साधारण एवढीच निघाली असं धरा. तुम्हाला दोघांना वाटतंय हप्ता जाऊन आपल्याकडे ५४ हजार उरतात आणि त्या हिशोबाने महिना चालतो, पण खरे खर्चायला आहेत ४२. हे १२ हजार ज्या महिन्यात फी नाही, इन्शुरन्स नाही त्या महिन्यात सहज खर्च होऊन जातात कारण ते खात्यात दिसत असतात, आणि मग जून आला की फी क्रेडिट कार्डावर, त्याचे हप्ते पुढचे सहा महिने, तोवर दिवाळी. बहुतेक पगारदार घरं इथेच अडकतात असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या चहा-वडापावला उगाच बोल लावला जातो.

आणि हे कुठलंही ॲप तुम्हाला आपणहून सांगत नाही, कारण ॲपला मागचा महिना दिसतो, पुढचा जून दिसत नाही. ते आकडे तुम्हालाच टाकावे लागतात.

तर पगार झाला की दुसऱ्या दिवशी १२ हजार (किंवा तुमचा जो आकडा येईल तो) वेगळ्या सेव्हिंग खात्यात जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, त्याचं डेबिट कार्ड कपाटात ठेवा. मिनिमम बॅलन्स किती लागतो तेवढं आधी बघून घ्या नाहीतर उगाच दंड बसतो. आरडी पण चालते पण फी जूनमधे, इन्शुरन्स ऑक्टोबरमधे, अशा वेगवेगळ्या वेळी पैसे काढायचे असतात तर साधं खातंच सोयीचं पडतं. सुरुवात ज्या महिन्यात कराल तिथून पुढचा मोठा खर्च जवळ असेल तर पहिलं वर्ष ओढाताणीचं जाणार, म्हणजे मार्चमधे सुरू केलंत तर जूनपर्यंत ३६ हजारच जमतील आणि फी ४८, तर उरलेले १२ बोनसमधून किंवा साठवलेल्यातून घालावे लागतील, त्याची मनाची तयारी ठेवा. दुसऱ्या वर्षापासून फी भरताना कुणाला काही मागावं लागत नाही आणि तो जो मोकळेपणा असतो ना, तो अनुभवून बघाच.

आता ॲपकडे येते.

एसएमएस वाचून आपोआप खर्च नोंदवणारी ॲप्स ऐकायला फार सोपी वाटतात पण आपल्याकडच्या घरखर्चाला ती नीट पुरत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला यूपीआय केलं तर नाव येतं दुकानाच्या मालकाच्या मुलाचं, ॲप म्हणतं एका व्यक्तीला पैसे पाठवले. डीमार्टचं ४,३८० चं बिल असतं, त्यात किराणा २,९०० चा, बाकी बादली, टॉवेल, मुलाचा डबा, पाण्याची बाटली, ॲप सगळं ग्रोसरीत टाकून मोकळं. नवऱ्याने बायकोच्या खात्यात १० हजार टाकले तर इकडे खर्च आणि तिकडे उत्पन्न. क्रेडिट कार्डाने ३ हजारांची खरेदी केली ती एकदा धरली जाते आणि मग बिल भरलं की परत एकदा, म्हणजे ३ चे ६ झाले, हे तुम्ही बघून सुधारलं नाही तर महिन्याचा सगळा आकडाच खोटा. आणि छोटे खर्च तर निसटतातच. एचडीएफसी बँकेने जून २०२४ पासून १०० रुपयांपर्यंतच्या यूपीआय पेमेंटचे एसएमएस पाठवणं बंद केलं. यूपीआय लाइट (छोट्या खर्चांसाठी आधी पैसे भरून ठेवायचं यूपीआयमधलं पाकीट) वापरत असाल तर त्यातला एकेक खर्च बँकेच्या स्टेटमेंटमधे येतच नाही, फक्त लाइटमधे पैसे भरले तेवढी एक एन्ट्री दिसते. रिक्षा, भाजी, चहा, झेरॉक्स हे सगळं तिथेच असतं.

परवानगीचं म्हणाल तर मी देत नाही. एसएमएसमधे ओटीपी पण येतात. शिवाय फुकट ॲप चालवणाऱ्याला कुठूनतरी कमवायचं असतंच आणि ते बहुतेक वेळा कर्ज आणि कार्ड विकून. वॉलनट आठवत असेल, खर्च मोजायचं चांगलं ॲप होतं, २०१८ मधे ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतलं आणि पुढे ॲक्सिओ नाव झालं. यात बेकायदा काही नाही, पण जो माणूस २० तारखेला पैसे संपले म्हणून बजेट ॲप उघडतो त्याला त्याच स्क्रीनवर तयार कर्ज दिसणं हे मला बरं वाटत नाही. नेटबँकिंगचा पासवर्ड तर कुठल्याच ॲपला द्यायचा नाही, कितीही मोठं नाव असो. सगळी खाती एका जागी बघायचीच असतील तर अकाउंट ॲग्रीगेटर नावाची सोय आहे, सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे, या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचं लायसन्स लागतं, पासवर्ड द्यावा लागत नाही, तुम्ही किती काळासाठी आणि कशासाठी संमती देताय ते लिहिलेलं असतं आणि ती नंतर रद्द करता येते. मधली कंपनी स्वतः तुमचा डेटा उघडून वाचू शकत नाही, ती फक्त पोचवते. पण ज्या ॲपला तो पोचतो ते मात्र वाचतं, तेव्हा संमती देताना मुदत कमीत कमी ठेवा.

मग मी काय वापरते? गूगल शीट आणि गूगल फॉर्म. हाताने नोंद. हे ऐकून बरेच लोक म्हणतात एवढा वेळ कुणाला आहे, पण एक नोंद करायला १० सेकंदसुद्धा लागत नाहीत. फॉर्ममधे तीनच प्रश्न ठेवा: किती, कशासाठी, कोणी. "कशासाठी"ला ड्रॉपडाउन करा आणि त्यात आठच्या वर खाती (म्हणजे खर्चाचे प्रकार) ठेवू नका, आमची आहेत किराणा, भाजी-दूध-फळं, बिलं, पेट्रोल-रिक्षा, मुलाचं, औषधपाणी, बाहेरचं खाणं, इतर. पंचवीस प्रकार केले की प्रत्येक वेळी विचार करावा लागतो आणि लोक कंटाळून सोडतात. फॉर्मची लिंक क्रोममधून दोघांच्या फोनच्या होम स्क्रीनवर टाका, पैसे दिले की तिथेच उभ्या उभ्या भरायचा. तारीख-वेळ आपोआप पडते आणि दोघांच्या नोंदी एकाच शीटमधे येतात.

दुसऱ्या पानावर एक छोटा तक्ता: खातं, या महिन्याला ठरवलेले, झालेले, उरलेले. झालेल्याच्या रकान्यात सम-इफचा फॉर्म्युला टाकला की त्या खात्याची बेरीज येते (महिनाही तपासायचा तर सम-इफ्स, त्यात तारखेच्या दोन अटी घालायच्या). उरलेल्याच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावून शून्याखाली गेलं की लाल. एवढंच. किराण्याला ९ हजार ठरवले आणि १४ तारखेला उरलेले १,१५० दिसले की दुकानात उभं असतानाच कळतं की काजू पुढच्या महिन्यात. मला ॲपच्या रंगीत गोल चार्टपेक्षा हा एक आकडा जास्त कामाचा वाटतो, कारण चार्ट महिना संपल्यावर बघितला जातो आणि हा खर्च करायच्या आधी.

हाताने भरायचा अजून एक फायदा म्हणजे घरपोच दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲप्सचा खर्च किती वेळा होतो ते तुमच्या बोटांना कळतं. ब्लिंकिट, झेप्टोवर २०० ची ऑर्डर चारदा नोंदवली की पाचव्यांदा माणूस आपणहून थांबतो आणि यादी करतो.

रोखीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीयेत पण विचारायला हवं. आमच्याकडे भाजी, फुलं, इस्त्रीवाला, कामवाल्या मावशी हे सगळं सासूबाई बघतात आणि त्या रोखच देतात, त्यांनी फॉर्म भरावा ही अपेक्षाच चुकीची. दर सोमवारी त्यांच्या पाकिटात २,५०० ठेवतो आणि ठेवतानाच शीटमधे "भाजी-दूध-फळं" खाली एक नोंद. पुढे त्यातलं काय कशाला गेलं हे कुणी विचारत नाही. त्यांनी चाळीस वर्षं घर चालवलंय, त्यांना दोन रुपयांची कोथिंबीर कुठे टाकली हे विचारणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. एटीएममधून काढले तेव्हाच खर्च धरला की रोखीच्या मागे धावावं लागत नाही.

हेच नवरा-बायकोलाही लागू आहे बरं का. ही शीट एकमेकांवर पाळत ठेवायला वापरली की दोन महिन्यांत बंद पडते, मी आमच्या नात्यात दोन-तीन घरांत हे होताना बघितलंय. दोघांना महिन्याला ठरावीक रक्कम द्या, समजा दोन-दोन हजार, ज्याचा हिशोब द्यायचा नाही. ती शीटमधे एकाच ओळीत जाते आणि विषय संपतो. बाकीचं महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोघांनी चहा घेताना बघायचं, पुढच्या महिन्याचे आकडे टाकायचे, कुणाचं लग्न आहे का, कुणाचा वाढदिवस, सिलेंडर कधी लागेल वगैरे. त्याच वेळी यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडून बघा, ट्रायल म्हणून घेतलेलं एखादं सबस्क्रिप्शन महिन्याला १४९-१९९ कापत बसलेलं असतं.

ॲपच हवं असेल, शीटचा खरंच कंटाळा असेल, तर वापरा, त्यात वाईट काही नाही, पण तीन गोष्टी बघून घ्या. हाताने नोंद करता आली पाहिजे, दोघांच्या फोनवर एकच हिशोब दिसला पाहिजे, आणि सगळा डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमधे काढून घेता आला पाहिजे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. अमेरिकेत मिंट नावाचं बजेटचं ॲप होतं, लाखो लोक वापरायचे, इन्ट्युट कंपनीने मार्च २०२४ मधे ते बंद केलं आणि लोकांना जुने हिशोब उतरवून घेऊन दुसरीकडे जावं लागलं. वायनॅब नावाचं तिथलंच दुसरं एक आहे, पुढचे खर्च आधी बाजूला काढायची शिस्त ते उत्तम लावतं, मला त्याची पद्धत मनापासून आवडते, पण वर्षाचे १०९ डॉलर आहेत आणि ७८ हजारांच्या घरात तेवढे पैसे त्या यादीतल्या इन्शुरन्सच्या ओळीत घाला असंच मी म्हणेन.