विचारा बिनधास्त : मुक्काम आधी, किलोमीटर नंतर

प्रश्न : आमचा सोलापुरात सायकलवाल्यांचा ग्रुप आहे, रोज सकाळी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येतो, एखाद्या रविवारी तुळजापूर. आता जानेवारीत १६ जण मिळून तीन दिवसांची टूर करायची ठरवलीय, आधी मंगळवेढा मग पंढरपूर आणि मोहोळवरून परत. वयं १५ ते ६४. हॉटेल नको, हॉस्टेलसारखं सगळ्यांनी एकत्र राहायचं, म्हणजे भक्तनिवास नाहीतर धर्मशाळा. निम्म्या लोकांना रोज १०० किलोमीटर पाहिजेत आणि निम्मे ऐकूनच मागं सरकतात. कसं करावं? आणि रात्री सायकली ठेवायच्या कुठं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, सगळ्यात आधी मुक्काम पक्का करा, किलोमीटर त्याच्यावरून आपोआप ठरतात. हे मी अनुभवावरून सांगतोय. काही वर्षांपूर्वी आम्ही ११ जण एका तीर्थाच्या गावी रात्री नऊला पोचलो, बुकिंग नाही, म्हटलं एवढ्या धर्मशाळा आहेत मिळेल कुठंतरी. एका ठिकाणी खोली होती पण सायकली आत घेणार नाही म्हणाले, दुसरीकडं सायकली चालतील पण जागा नाही. शेवटी एका देवळाच्या ओवरीत झोपलो, सायकली एकाला एक बांधल्या आणि दोघं दोघं आळीपाळीनं जागं राहिलो. दुसऱ्या दिवशी कुणाच्या पायात जोर म्हणून नव्हता. तेव्हापासून फोन करताना पहिला प्रश्न सायकलींचाच विचारतो, खोलीचा नंतर. शक्यतो तळमजल्यावरचा हॉल मागा, सायकली तिथंच भिंतीला लावता येतात, नाहीतर जिन्याच्या ग्रिलला एकच लांब साखळी ओवून सगळ्या बांधायच्या. प्रत्येकाचं आधार कार्ड जवळ पाहिजे, १५ वर्षांच्या पोराचंही. आणि गरम पाणी किती वाजता येतं ते आदल्या रात्रीच विचारून घ्या, १६ माणसांच्या अंघोळी एका गिझरवर म्हणजे निघायला आठ वाजतात.

तारखेचं पण बघा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी असली की सगळे तेच दिवस धरतात, पण काही वर्षी माघी एकादशी नेमकी तिथंच येते, आणि माघी ही पंढरपूरच्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी एक. त्या आठवड्यात तुम्हाला तर जागा मिळणार नाहीच आणि मिळाली तरी ती वारकऱ्यांची जागा आहे, आपण अडवू नये असं मला मनापासून वाटतं. एकादशी सोडूनच जा. संक्रांतीच्या आसपास आपल्याकडं सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तेव्हा निम्मे मेंबर तसेही गावातून हलत नाहीत.

आता रस्ता. तुम्ही आधी मंगळवेढा म्हणताय, मी उलटं म्हणेन. हिवाळ्यात आपल्याकडं वारं बहुतेक पूर्वेकडनं, ईशान्येकडनं येतं. पंढरपूर पश्चिमेला. म्हणजे जाताना वारं पाठीशी आणि सकाळचं ऊनही पाठीवर, येताना दोन्ही तोंडावर. तुमच्या प्लॅनमध्ये सगळ्यात लांबचा टप्पा, पंढरपूर ते सोलापूर ७२ किलोमीटर, तिसऱ्या दिवशी दमलेल्या पायांनी वाऱ्याच्या विरुद्ध पडतो. त्याच्याऐवजी पहिल्या दिवशी ताज्या दमात मोहोळवरून पंढरपूर करून टाका, मोहोळ जवळपास निम्म्यावर, तिथं पोटभर नाष्टा. दुसऱ्या दिवशी पंढरपूर ते मंगळवेढा फक्त २५ च्या आसपास. तिसऱ्या दिवशी माचणूर, बेगमपूर, कामती, तिऱ्हे करत घरी, साधारण ५५. ज्यांना १००ची हौस आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी मंगळवेढ्याच्या आजूबाजूला हवं तेवढं फिरून यावं, पण टप्प्यावर सगळ्यांनी सोबतच राहायचं आणि सगळ्यात हळू चालवणारा माणूस पुढं ठेवायचा, मागं नाही. मागं ठेवला की तो एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस परत टूरला येत नाही.

दुसरा दिवस एवढा छोटा कशाला असं वाटेल, पण मला विचाराल तर टूरचा खरा दिवस तोच. जानेवारीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नजर जाईल तिथपर्यंत ज्वारी उभी असते, बांधावर एखाद्या शेतकऱ्याला विचारलं तर हुरडा भाजून मिळतो, हातावर चोळून गरम गरम खायचा, बोटं काळी होतात होऊ द्या. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. आणि हेच दामाजीपंतांचं गाव, दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली असं ज्यांच्याबद्दल सांगतात ते. परतताना माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे, घाटावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, घरनं नेलेली तीन दिवस आरामात टिकते.

एक मात्र कळकळीनं सांगतो, अंधारात चालवू नका. हाच ऊसाचा सीझन, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि कितीकांना मागं रिफ्लेक्टर पण नसतो. सूर्य बुडायच्या आत मुक्कामी पोचायचंच. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा, मोहोळपर्यंतच्या चौपदरी हायवेवर तर नक्कीच.

हॉस्टेलवरनं आठवलं, जर्मनीत १९०९ मध्ये रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर पोरांना घेऊन पायी निघाले होते, वादळी पावसात सापडले आणि एका गावातल्या शाळेत गवतावर झोपले, त्या रात्री सुचलेल्या कल्पनेतनं पुढं युथ हॉस्टेल निघाली. आपल्या दिंड्या तर कधीपासून वाटेवरच्या शाळांत, देवळांत मुक्काम करत आल्यात. कुठं जागा नाहीच मिळाली तर ग्रामपंचायतीत जाऊन नीट विचारा, शाळेची खोली मिळू शकते, मात्र निघताना झाडून द्यायची.

प्रश्न : मी ५१ वर्षांची, सायकल साधी बिनगिअरची, २५-३० किलोमीटरनंतर गुडघा दुखतो. ग्रुपमधल्या मुली टूरला चल म्हणतात. जाऊ का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ताई, जा की! आधी सीट तपासा, बऱ्याच जणींची खाली असते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला पाहिजे. नसेल होत तर सीट वर घ्या आणि आठवडाभर तशी चालवून बघा. तरीही दुखलं तर टूरच्या आधी डॉक्टरांना दाखवा, दुखणं दाबून चालवू नका. वरच्या पत्रातल्यासारखी टूर असेल तर २५ चा दिवस तुम्हाला सहज जमेल, आणि मोठ्या टप्प्याला अर्ध्यातून टेम्पोत बसायचं असेल तर ते आधीच सांगून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : आमच्याकडं प्रत्येक राईडला पंक्चर. टायर नवीन आहेत. काय करावं?
– एक वाचक, बाळे

उत्तर : सराटे, दुसरं काय. नाहीतर वेड्या बाभळीचा काटा. रस्त्याच्या कडेच्या मातीत सायकल उतरवू नका, फोटोसाठीसुद्धा. पंक्चर काढताना लोक ट्यूब बदलतात आणि काटा टायरमध्येच राहतो, मग दहा मिनिटांत परत हवा गेली. टायरच्या आतनं फडकं फिरवा, जिथं अडकेल तिथं काटा, नखानं नाही निघाला तर चिमट्यानं ओढा. माणशी दोन ट्यूब आणि ग्रुपमध्ये दोन पंप, आणि ट्यूब घेताना आपल्या पंपाला तो व्हॉल्व्ह बसतो का ते दुकानातच लावून बघा.